खेळण्यातल्या इंजिनाचे चाक



आपल्या चलथाण स्टेशनावरून जाणारी उधना-जळगाव लाइन आपल्यातल्या बहुतेकांना घरच्यासारखी आहे. 1900 मध्ये ताप्ती व्हॅली रेल्वेचे रूळ अमळनेरपर्यंत पोहोचले, आणि पुढे खानदेशातली कितीतरी कुटुंबे याच मार्गाने इकडे आली. यंदा मात्र शाळेत एक इंजिन पिशवीतून आले.

एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी लहानपणापासून जपलेले ते चावीचे इंजिन. पत्र्याचे, इंग्लंडमध्ये बनलेले, कंपनीचे नाव पुसून गेलेले. रुळांमधले अंतर 32 मि.मी., म्हणजे ज्याला 'ओ गेज' म्हणतात ते. स्प्रिंग शाबूत होती, पितळी दातेरी चक्रेही चांगली होती. चाके मात्र चारही तडकलेली, एकाची कड तर बोट लावताच झडत होती. "नातवाला एकदा पळताना दाखवायचे आहे," एवढेच आजोबा म्हणाले.

लोखंड गंजते हे आपण शिकलो. पण ही चाके लोखंडाची नव्हती. ती जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली होती. त्या काळच्या जस्तात शिशाचा थोडासा अंश राहिला तरी धातूच्या कणांमधून हळूहळू क्षरण होते, वर्षानुवर्षांनी वस्तू फुगते, तडकते आणि शेवटी तिचा चुरा होतो. त्यावर औषध नाही. 1929 मध्ये अमेरिकेत 99.99 टक्के शुद्ध जस्ताचा मिश्रधातू निघाला तो यावरच उपाय म्हणून. जगभरचे जुन्या खेळगाड्यांचे शौकीन म्हणूनच घरी छोटा लेथ ठेवतात आणि चाके स्वतः कातून घेतात.

हा छंद केवळ परदेशी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 मध्ये सुरू झाले. सुटीत पुण्याला जाणाऱ्या पालकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या 87 व्या भागाच्या, रूळ 16.5 मि.मी. अंतराचे. 16.5 ला 87 ने गुणून पाहा: सुमारे 1435 मि.मी. येते, म्हणजे युरोपातला गेज. आपली ब्रॉडगेज 1676 मि.मी. ची आहे, तिचा 87 वा भाग किती होईल ते वहीत काढा.

आता चाकाकडे वळू. सुरतेत लूमचे सुटे भाग कातणारे आपले एक पालक मदतीला आले. लेथ त्यांनीच चालवला. मुले खुणेच्या रेषेमागे उभी होती. सैल बाह्या, बांगड्या, ओढणी यांना तिथे मनाई होती. मापे मात्र आठवीच्या मुलांनी व्हर्नियरने घेतली, आणि पहिली चूक तिथेच झाली. ती मुलांची नव्हे, आमची. आम्ही त्यांना सर्वांत खराब चाक मोजायला दिले. 36.1 मि.मी. आले, त्या मापाचे चाक झाले, बसवले, आणि ते वरच्या पत्र्याला घासू लागले. एक दुपार आणि स्टीलचा एक तुकडा फुकट गेला.

त्या पालकांनी हसून विचारले, "सर, फुगलेल्या चपातीवरून तव्याचे माप घेता का?" चाक फुगलेले, म्हणजे त्याचे माप खोटे. मग सर्वांत कमी तडकलेले चाक मोजले: 35.2. मूळ माप याहून थोडे कमीच असणार. वस्तू इंग्लंडची, म्हणजे माप इंचात असणार. 1 पूर्णांक 3/8 इंच म्हणजे 34.93 मि.मी. हे जुळले. एक्सल पोलादी, ते फुगत नाही. ते 3.97 भरले, म्हणजे 5/32 इंच. भोकाचे माप चाकावरून न घेता एक्सलवरून घेतले.

चाळीस मि.मी. चा माइल्ड स्टीलचा बार चकमध्ये धरला. कापण्याचा वेग मिनिटाला 30 मीटर धरला, तर फेरे = 30000 ÷ (3.14 × 40), म्हणजे सुमारे 240. आधी तोंड सपाट केले, मग मधोमध भोक पाडून रीमर फिरवला, मग बाहेरचा व्यास आणि फ्लँज कातला, आणि शेवटी पार्टिंग टूलने चाक तोडून घेतले. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत का? बार काढून पुन्हा धरला की मध्य थोडा सरकतो आणि चाक लंगडते. भोक 3.95 ठेवले, एक्सलपेक्षा 0.02 कमी, म्हणजे दाबून बसवले की पक्के. जोडदांडीच्या खिळ्याची भोके चारही चाकांना एकाच जिगमधून पाडली, नाहीतर दांडी अडकते. जुनी पितळी चक्रे नव्या चाकांवर बसवली.

या उद्योगात अभ्यासाचे दोन शनिवार गेले, असे एक-दोन पालक म्हणाले. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले. तरी दशांश अपूर्णांक इतक्या आवडीने मुलांनी आधी कधी मांडले नव्हते, हेही नोंदवतो.

जुनी चाके टाकून दिली नाहीत. तारखेची चिठ्ठी घालून ती डबीत ठेवून आजोबांना परत केली. नव्या चाकांच्या आतल्या बाजूला वर्ष कोरले आहे, कारण पुढे कोणी हे इंजिन पाहील तर नवे काय आणि जुने काय ते त्याला कळायला हवे.

नातवाने चावी दिली. इंजिन पहिल्या वळणावर रुळावरून उतरले. एक्सलवरची चाके आतून किंचित जास्त जवळ बसली होती. ती हलकेच बाहेर सरकवली, आणि दुसऱ्या वेळी चावी संपेपर्यंत ते सात फेरे धावले. आजोबा खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले होते.