उतारवयात वजन उचलावे काय?

‘रोज सकाळी तासभर फिरायला जातो, तरी जमिनीवरून उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, असे का?’ साठी ओलांडलेल्या मंडळींकडून हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. या सदराच्या वाचकांनीही पत्रांतून तो विचारला आहे. फिरणे उत्तमच. हृदयाला, फुप्फुसांना, रक्तातील साखरेला आणि मनालाही ते मानवते. पण सपाट रस्त्यावरच्या फिरण्याने मांड्यांना, पाठीला आणि हातांना फारसे जास्तीचे ओझे पडत नाही, आणि ओझे पडल्याखेरीज स्नायू बळकट होत नाहीत. म्हणून आजचा विषय वजन उचलण्याचा. हे तालमीतल्या पोरांचे काम, आता या वयात कशाला, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. तालमीतल्या पोरांपेक्षा त्याची गरज आजी-आजोबांना अधिक आहे.

तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झडू लागतात. साठीनंतर हा वेग वाढतो. काट्यावरचे वजन तेवढेच दिसते, कारण मांसाची जागा चरबी घेते. त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग या संशोधकांनी १९८९ साली या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. त्यातही झटकन काम करणारे स्नायूतंतू आधी जातात. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला, तर दुसरा पाय क्षणार्धात पुढे पडावा लागतो. तरुणाचा तो पडतो, म्हाताऱ्याचा पडत नाही. मग खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया चांगली झाली तरी काही आठवडे हालचाल बेताचीच राहते, त्यात उरलेले स्नायूही जातात, आणि कालपर्यंत स्वतःचा चहा स्वतः करून घेणारे माणूस शौचालयालाही दुसऱ्याच्या आधाराने जाऊ लागते. मला वाटते, पुष्कळ वृद्धांना मरणापेक्षा याचेच भय अधिक असते.

मग गेलेले बळ परत येते काय? येते. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोने यांनी केलेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना त्यांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला, आणि तोही नावापुरता नव्हे, चांगला जड. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचे मांडीचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची तर हातातली काठी सुटली. व्यायाम थांबविल्यावर मात्र हे बळ पुन्हा उतरू लागले, हेही त्याच प्रयोगात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल व बळ या दोहोंना ताण देणाऱ्या हालचाली कराव्यात, असे म्हटले आहे.

यासाठी एक साधे साधन म्हणजे केटलबेल. लोखंडाचा गोळा आणि वर जाड कडी. मूळ रशियातले, तिकडे त्याला ‘गिऱ्या’ म्हणतात. बाजारात धान्य तोलण्याची ही वजने होती. सोळा किलोहून थोडे अधिक भरणारा ‘पूद’ हे त्यांचे माप, म्हणून आजही सोळा, चोवीस, बत्तीस किलो अशी केटलबेलची चढण दिसते. तोलणारे गडी फावल्या वेळात ती उचलून दाखवू लागले आणि त्यातून खेळ तयार झाला. आपल्याकडेही जुन्या अडत दुकानांत कडी असलेली लोखंडी मापे असतच, आणि मारुतीच्या देवळापुढची दगडी गोटी उचलून गावात पैज लागे. मुद्गल तर आपले घरचेच. तेव्हा हे परदेशी खूळ आहे, असे मानण्याचे कारण नाही.

वृद्धांना केटलबेल सोयीची, ती तिच्या कडीमुळे. बादली, पिशवी, गॅसची टाकी, नातू, सारे आपण असेच धरून उचलतो. शिवाय मुठीची पकड सुधारते. पकडीला हलके समजू नये. भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मुठीची पकड जितकी कमी तितका मृत्यूचा धोका अधिक, असे आढळले. पकड वाढविली म्हणजे आयुष्य वाढलेच, असा त्याचा अर्थ नव्हे. पकड हा साऱ्या शरीराच्या बळाचा आरसा आहे, एवढाच. ऑस्ट्रेलियात ५९ ते ७९ वयाच्या, फारशी हालचाल नसणाऱ्या मंडळींना देखरेखीखाली केटलबेलचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची पकड व खुर्चीवरून उठण्याची ताकद वाढल्याचे दिसले.

सुरुवातीला स्वतःची परीक्षा घ्यावी. भिंतीला टेकविलेल्या बिनहाताच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर दुमडा, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते घरच्या कुणाला मोजायला सांगा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाला बारा आणि स्त्रीला अकरा वेळाही जमत नसेल, तर पाय अशक्त झाले आहेत. अशांनी पहिला महिनाभर वजन हातात घेऊच नये. खुर्चीवरची हीच उठबस दहा-दहा वेळा, मध्ये थांबून, दिवसाआड करावी.

पुढे वजन. स्त्रियांनी चार आणि पुरुषांनी सहा ते आठ किलोपासून आरंभ केला तर बहुतेकांना झेपते. केटलबेल विकत आणलीच पाहिजे असे नाही. तेलाचा पाच लिटरचा मूठवाला रिकामा कॅन घ्या. पाण्याने भरला की पाच किलो, कोरड्या वाळूने भरला की आठ किलोच्या आसपास. पाणी हिंदकळते, म्हणून वाळू बरी.

पहिला व्यायाम जमिनीवरून उचलण्याचा, आणि इथेच बहुतेकांची कंबर धरते. वजन दोन पावलांच्या मध्ये ठेवा. पाठ सरळ ठेवून, मागे ठेवलेल्या स्टुलावर बसायला निघाल्यासारखे ढुंगण मागे न्या. वाकणे खुब्यातून व्हावे, कमरेच्या मणक्यातून नव्हे. गुडघे किंचित वाकतील तेवढे वाकू द्या. दोन्ही हातांनी कडी धरा, पायांनी जमीन दाबून उभे राहा, आणि त्याच वाटेने खाली ठेवा. पूर्ण खाली जाणे जमत नसेल तर वजन पाटावर किंवा दोन विटांवर ठेवा. शेतात भात लावणाऱ्या किंवा खुरपणाऱ्या बायकांची सरळ पाठ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अधिक सांगायला नको. आठ ते दहा वेळा उचलून दोन मिनिटे विसावा, असे दोन फेरे.

दुसरा व्यायाम त्याहून सोपा. एका हातात वजन घेऊन, खांदे समपातळीत ठेवून, ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. मग हात बदला. वजनाकडे शरीर झुकू न देण्यातच सारे कसब आहे. पोटाच्या बाजूचे स्नायू, पकड आणि तोल, तिन्हींचे काम यात होते. मी माझ्या रुग्णांना सर्वांत आधी हाच सांगतो, कारण यात चुकायला जागा थोडी. दोन्ही पायांच्या मधून वजन झुलविण्याचा जो प्रकार व्यायामशाळांतून दिसतो, तो जाणकारासमोर शिकावा. चित्र पाहून करू नये.

उचलताना श्वास सोडावा, कोंडून धरू नये. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. दहा वेळा सहज जमू लागले की किलो-दोन किलो वाढवावे. न वाढविल्यास प्रगती थांबते. ‘घरकामात बायकांचा व्यायाम होतोच’ या समजुतीतली गोम हीच आहे. तीच कळशी तीस वर्षे उचलली तर शरीर तिला सरावते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात, आणि हाडालाही भार लागतो. ऑस्ट्रेलियातच हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात, जड वजने उचलणाऱ्या गटात आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. मात्र तिथे प्रशिक्षक प्रत्येक वेळी शेजारी उभा होता, हे विसरू नये.

आहाराकडे पाहिल्याशिवाय हे पुरे होत नाही. आपल्याकडे म्हातारपणी रात्रीचे जेवण म्हणजे चहा-खारी किंवा भाताची पेज. यात स्नायूंना काहीच मिळत नाही. साठ किलोच्या वृद्धाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तितकीच, कपभर दुधात पाचेक. हिशेब करून पाहा, बहुतेक घरांत तो अर्ध्यावरच येतो. उसळ, दही, शेंगदाणे, फुटाणे, ज्यांना चालते त्यांनी मासे, हे प्रत्येक जेवणात वाटून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच.

रक्तदाब आवाक्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, अंतर्गळ असेल, काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, मणक्याचे हाड पूर्वी दबले असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय आरंभ करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी करू नये आणि खिशात साखर ठेवावी. मधुमेहाने पावले बधिर झालेल्यांनी बूट घालावेत. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नये, दोन-तीन दिवसांत उतरते. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, तर वजन निम्मे करावे आणि तरीही राहिली तर थांबून दाखवावे. आणि व्यायाम झाला की वजन पलंगाखाली सरकवून ठेवावे. वाटेत राहिले, तर रात्री उठताना पाय त्यालाच अडखळायचा.