न जाणवणारा धक्का : स्थितिक विद्युत आणि दुरुस्तीचे टेबल

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना स्पर्श करून विलग होतात, तेव्हा एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात आणि दोहोंवर विरुद्ध चिन्हांचे विद्युतप्रभार साठतात. पदार्थ विसंवाहक असतील, तर या प्रभाराला वाहून जाण्यास वाट मिळत नाही व तो जागच्या जागी टिकून राहतो, म्हणून त्यास स्थितिक विद्युत म्हणतात. भिन्न विभवाची एखादी वस्तू जवळ येताच हा प्रभार क्षणार्धात तिच्यात उतरतो. या घटनेस स्थितिक विसर्जन असे नाव असून कारखान्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत तिचा उल्लेख बहुधा ‘ईएसडी’ या आद्याक्षरांनीच होतो. पॉलिस्टरचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठणारा कारागीर, चिकटपट्टीचे रीळ ओढणारा मदतनीस आणि पॉलिथिनच्या पिशवीतून बोर्ड बाहेर काढणारे गिऱ्हाईक यांच्या अंगावर दिवसातून अनेकदा असा प्रभार साठतो आणि बहुतेक वेळा तो त्यांच्या नकळतच निघून जातो.

नकळत जाणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे. मानवी शरीरात विद्युतप्रभार साठवून ठेवण्याची जी क्षमता असते, म्हणजे त्याची धारिता, ती सुमारे १०० पिकोफॅरड धरली जाते, आणि बोटाला ठिणगीचा चटका जाणवण्यासाठी शरीराचे विभव साधारणपणे ३००० व्होल्टच्या घरात जावे लागते. या विभवाला शरीरातील एकूण ऊर्जा अर्धा मिलिज्यूलही भरत नाही, त्यामुळे माणसाला इजा होत नाही. परंतु शरीराचा रोध चाचणीसाठी धरतात तसा १५०० ओहम धरल्यास क्षणिक प्रवाह २ अँपिअरपर्यंत चढतो आणि हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही दशलक्षांश भागातच उरकतो. आता ज्या घटकावर तो कोसळतो त्याचा विचार करावा. मॉस्फेट या ट्रान्झिस्टरचे गेट, म्हणजे त्याचे नियंत्रक टोक, आतील सिलिकॉनपासून सिलिकॉन डायऑक्साइडच्या एका अतिशय पातळ थराने अलग ठेवलेले असते, आणि या थराची सहनशक्ती जाडीच्या दर नॅनोमीटरमागे साधारण १ व्होल्ट इतकीच असते. इन्व्हर्टरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॉस्फेटच्या गेटची घोषित मर्यादा बहुधा २० व्होल्ट असते. म्हणजे ज्या विभवाला घटक कायमचा निकामी होऊ शकतो, त्याच्या कितीतरी पट विभव अंगावर वागवूनही माणसाला काही कळत नाही; म्हणून ‘आजवर हाताला कधी शॉक बसला नाही’ हे विधान कितीही प्रामाणिकपणे केलेले असले, तरी या विषयात त्याला पुराव्याचे मूल्य नाही.

याहून त्रासदायक बाब अशी की, विसर्जनाचा घाव बसलेला प्रत्येक घटक तत्काळ मरत नाही. ऑक्साइडच्या थरात सूक्ष्म दोष निर्माण होतो, गळतीचा प्रवाह किंचित वाढतो, परिपथ चालू राहतो, टेबलावरील तपासणीत उत्तीर्णही होतो आणि पुढे काही आठवड्यांनी, उष्णता व भार यांच्या ताणाखाली, तो दोष पूर्ण बिघाडात परिणत होतो. यास सुप्त दोष म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या विदर्भातील एका दुरुस्ती केंद्रात, उन्हाळ्यात नवे मॉस्फेट बसवून दिलेले इन्व्हर्टर पुनःपुन्हा परत येत असत आणि त्याचा सारा दोष बाजारातील नकली सुट्या भागांवर ठेवला जाई. नकली भाग बाजारात असतात, हे खरेच आहे. परंतु त्या केंद्रात नवे मॉस्फेट थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवलेले होते, सोल्डरिंग आयर्न दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालत होते, आणि टेबलाजवळच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार भिंतीच्या आत कोठेही जोडलेलीच नव्हती. या तीन गोष्टी दुरुस्त झाल्यावर, त्याच दुकानदाराकडून त्याच जातीचे भाग घेऊनही, परत येणाऱ्या यंत्रांचे प्रमाण उघड दिसावे इतके उतरले. यापैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढून सांगणे शक्य नाही. तथापि तिन्हींची कार्यपद्धती इतकी स्पष्ट आहे की त्यांपैकी एकही चालू ठेवण्यास आधार उरत नाही.

त्यातही अर्थिंगचा मुद्दा सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण परदेशी पुस्तकांत तो गृहीत धरलेला असतो आणि आपल्याकडील जुन्या वाड्यांत, चाळींत व बाजारातील गाळ्यांत तो गृहीत धरता येत नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेज व धातूची पेटी यांच्या दरम्यान आणि दुसरा न्यूट्रल व पेटी यांच्या दरम्यान. अर्थिंग असेल तेव्हा त्यांतील क्षीण प्रवाह जमिनीत जातो, परंतु ते नसेल तेव्हा पेटीचे विभव पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. पेटीला हात लागताच येणाऱ्या झिणझिण्यांचे कारण हेच होय. ‘काम सुरू करण्यापूर्वी संगणकाच्या पेटीला स्पर्श करून अंगातील प्रभार घालवावा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला अशा ठिकाणी उलटतो, कारण स्पर्श करणारा माणूस निष्प्रभार होण्याऐवजी तरंगत्या विभवाशी जोडला जातो. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरही असेच विभव येऊ शकते. काटेकोरपणे पाहता हा स्थितिक विसर्जनाचा नव्हे, तर गळतीच्या विजेने घटकावर पडणाऱ्या अतिताणाचा प्रकार आहे. परंतु गेटच्या पातळ थराला हा भेद कळत नाही, आणि प्रतिबंधाचा उपायही एकच आहे.

अर्थिंग आहे की नाही हे मल्टिमीटरने पाहता येते. एसी व्होल्टच्या पल्ल्यावर फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात केवळ एखाद-दोन व्होल्ट दिसावेत. फेज आणि अर्थ यांच्यातील आकडा बराच कमी वा अस्थिर असेल, तर तार तुटलेली आहे असे समजावे. येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे : काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रल व अर्थ यांना तुकड्याने जोडून देतात, ज्यामुळे मीटरवर सर्व काही ठीक दिसते, पण न्यूट्रल कोठे तुटल्यास उपकरणाची पेटी थेट २३० व्होल्टवर जाते. जवळच मोठा भार चालू असूनही न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील आकडा निव्वळ शून्यच राहत असेल, तर सॉकेट उघडून पाहणे योग्य, आणि हे काम जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. कोळसा व मीठ भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल उन्हाळ्यात आटते, म्हणजे स्थितिक विद्युत सर्वाधिक निर्माण होण्याच्या दिवसांतच अर्थिंग दुबळे होते. प्रभाराच्या निचऱ्यासाठी काही हजार ओहमचा रोधही चालून जातो; परंतु गळतीची वीज आणि माणसाची सुरक्षा यांसाठी तो चालत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत सोडू नये.

अर्थिंग पडताळल्यानंतर मनगटपट्ट्याचा विचार करावा. त्वचेला लागून असलेला वाहक पट्टा, गुंडाळीची तार आणि तिच्यात बसवलेला १ मेगओहमचा रोधक एवढीच त्याची रचना. हा रोधक प्रभाराच्या निचऱ्यात अडथळा आणत नाही, कारण १०० पिकोफॅरड धारितेचे शरीर त्यातून मिलिसेकंदाच्या आत रिकामे होते. त्याचे खरे काम माणसाचे रक्षण करणे हे आहे, कारण चुकून फेजला हात लागल्यास पट्ट्यातून जाणारा प्रवाह तो ०.२३ मिलिअँपिअरवर रोखतो. साध्या तारेचा, रोधक नसलेला घरगुती पट्टा वापरणे म्हणजे स्वतःला जमिनीशी थेट बांधून घेणे होय. त्याचप्रमाणे पॉवर सप्लायच्या मुख्य बाजूवर, जेथे एकदिश व्होल्टता ३२५ च्या आसपास असते, चालू स्थितीत काम करताना पट्टा काढूनच ठेवला पाहिजे. तारेची घडी मोडून आतल्या आत तुटण्याची शक्यता असल्याने पट्टा रोज तपासावा.

पट्टा माणसाचा प्रभार घालवतो, विसंवाहकाचा नाही. थर्माकोलचा तुकडा जमिनीशी जोडला तरी त्यावरील प्रभार जागचा हलत नाही, म्हणून असे पदार्थ टेबलावरून दूर करणे हाच मार्ग उरतो. ते दूर करता येत नसतील, तर दोन्ही चिन्हांचे आयन हवेत सोडणारा आयनकारक पंखा लागतो. टेबलावरील मॅट विसरणशील असावी, म्हणजे तिचा रोध इतका असावा की प्रभार वाहून तर जाईल, पण एकदम कोसळणार नाही. धातूचा उघडा पत्रा येथे उपयोगाचा नाही, कारण प्रभारित आयसीची पिन त्यावर टेकताच तिच्यातील प्रभार नॅनोसेकंदात बाहेर पडतो आणि माणसाचा हात न लागताही आयसी मरू शकते. मॉस्फेटच्या तिन्ही पायांभोवती बारीक उघडी तार गुंडाळून ती सोल्डरिंगनंतरच सोडण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. पिशव्यांबाबत मोठा गैरसमज दिसतो : गुलाबी पिशवी घर्षणाने प्रभार निर्माण होऊ देत नाही इतकेच, बाहेरून येणारे विसर्जन ती अडवत नाही, ते काम धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी करते, आणि तीही तोंड बंद असेल तेव्हाच.

हवामानाचा वाटा मोठा आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या हस्तपुस्तिकेतून पुढे सर्वत्र उद्धृत झालेल्या आकड्यांनुसार, टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर कोरड्या हवेत ६००० व्होल्ट, तर दमट हवेत केवळ १०० व्होल्ट निर्माण होतात. नागपूर किंवा अकोल्यातील एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता फारच खाली जाते आणि कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांवर असते, यावरून दोन्हीकडील कारागिरांचे अनुभव जुळत का नाहीत, हे उमगते. मात्र मुंबईतील वातानुकूलित खोलीत बसलेल्याने समुद्राच्या भरवशावर राहू नये, कारण यंत्र हवेतील ओल काढून घेते.

परिपथ रचणाऱ्यांनीही आपला भाग उचलला पाहिजे. मॉस्फेटच्या गेट आणि सोर्स या टोकांत १० किलोओहमचा रोधक ठेवणे आणि न वापरलेल्या सीमॉस इनपुट पिना तरंगत न सोडणे यांस जवळजवळ खर्च येत नाही. बाहेरच्या जोडणीवर टीव्हीएस डायोड, म्हणजे क्षणिक अतिव्होल्टता शोषणारा डायोड, बसवताना तो जोडणीच्या तोंडाशीच असावा. कारण ८००० व्होल्टच्या प्रमाणित स्पर्श-चाचणीत प्रवाह सुमारे एका नॅनोसेकंदात ३० अँपिअरपर्यंत चढतो आणि डायोडकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेषेचा केवळ १ सेंटिमीटर अधिकचा भाग सुमारे ३०० व्होल्टची भर घालतो.

आयटीआयमधील निदेशकांनी आणि दुरुस्ती केंद्रांच्या मालकांनी नव्या मुलाच्या हाती सोल्डरिंग आयर्न देण्यापूर्वी त्याच्याकडून टेबलाजवळच्या सॉकेटचे अर्थिंग मोजून घ्यावे, आणि आकडा चुकीचा आला, तर ते दुरुस्त होईपर्यंत त्या टेबलावर एकही बोर्ड उघडू देऊ नये.