एसपी की मॅथ्स?

दहावीचा निकाल लागला की आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत एकच खल सुरू होतो. अकरावी कॉमर्सला मॅथ्स घ्यायचं की एसपी, म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस? ‘मॅथ्स टक्के खातं, एसपी स्कोअरिंग’ हे क्लासवाल्यांपासून शेजारच्या दादापर्यंत सगळ्यांना पाठ. माझ्या भाचीनं त्यांचं ऐकून एसपी घेतलं. बारावीला टक्केही झकास मिळाले.

मग सीए फाउंडेशनला नाव घातलं. तिथल्या तिसऱ्या पेपरात बिझनेस मॅथ्सचे 40 गुण, स्टॅटिस्टिक्सचे 40, लॉजिकल रीझनिंगचे 20. वर चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. सीएला बारावीचं गणित सक्तीचं नाही, हे खरं. पण प्रवेशाला लागत नाही म्हणून अभ्यासाला लागत नाही, असं थोडंच आहे! एका रविवारी ती वही घेऊन आली. दहा हजार रुपये, दरसाल दहा टक्के, चक्रवाढ, तीन वर्षं. तिनं लिहिलं होतं 13,000. “मामा, हे मला शाळेत झोपेत यायचं!” बरोबर उत्तर 13,310. ते 310 रुपये व्याजावरच्या व्याजाचे. दोन वर्षं आकडेमोडीची सवयच सुटली होती. त्यात अ‍ॅन्युइटी हा शब्द तिनं पहिल्यांदा तिथेच वाचला. मॅथ्सवाल्यांच्या बारावीच्या पुस्तकात अ‍ॅन्युइटी, निर्देशांक, संभाव्यता सगळं असतं. पहिला अटेम्प्ट वाया गेला.

एसपीवर माझा राग नाही. कंपनी सेक्रेटरी व्हायचं असेल, शेअर, डिबेंचर, भागधारकांच्या सभा यांत रस असेल, तर बेलाशक घ्या. राग आहे तो टक्के बघून विषय ठरवण्यावर. दहावीचे टक्के तर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चे, सगळ्यांत कमी गुणांचा विषय त्यात धरलेलाच नसतो, आणि तो गणितही असू शकतो. तेव्हा मार्कलिस्टमधले गणिताचे गुण वेगळे वाचा. जेमतेम काठावर पास झालेल्यानं आईबाबांच्या हौसेखातर मॅथ्स घेऊ नये, हेही तितकंच खरं.

पुढे कुठे जायचंय, तिथली अट आधी बघा. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला कॉमर्सची मुलंही जातात, पण बारावीला मॅथ्स असेल तर. सायन्सला बायोसाठी मॅथ्स सोडणाऱ्यांनीही थांबून विचार करावा; एनडीएतून नौदल किंवा हवाई दल गाठायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतातच.

अकरावी-बारावीची पुस्तकं बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. सुट्टीत अकरावीचं पुस्तक उघडून एक प्रकरण क्लासशिवाय सोडवून बघा. ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात कॉमर्सला मॅथ्स शिकवतात का, तेही विचारून घ्या. विषय बदलायचाच झाला, तर कॉलेज सुरू झाल्याझाल्या ऑफिसात अर्ज द्या. बारावीत गेल्यावर खिडकीपलीकडचा क्लार्क सरळ हात वर करतो.