कॉलेज बघताना वॉर्ड बघ

घोडपदेव, मुंबई

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुला नर्सिंगला जायचंय आणि दादा ‘रात्रपाळीची नोकरी नको’ म्हणून अडून बसलाय. त्याच्याशी मी बोलते. तू कॉलेजची नावं घोकत बसण्यापेक्षा, त्या कॉलेजच्या मुली कुठल्या हॉस्पिटलात ड्युटी करतात ते आधी विचार.

कॉलेजच्या लॅबमधल्या सरावाच्या पुतळ्याच्या पाठीला काही होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, चादरीची सुरकुती मोडावी लागते, माकडहाड नि टाचा बोटाने दाबून बघाव्या लागतात. दाबूनही लाली हटली नाही, तर बेडसोरची सुरुवात झाली म्हणून समजायचं. ही नजर भरलेल्या वॉर्डातच येते. परळच्या केईएम हॉस्पिटलात अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागला परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्यांनी हँडओव्हर घेतला. अरुणाच्या खटल्यातल्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचं कौतुक केलं.

पण अरुणाही परिचारिकाच होती, आणि तिला अंथरुणाला खिळवणारा हल्ला झाला तो त्याच हॉस्पिटलात. तेव्हा दादाची काळजी खोटी नाही. हॉस्टेल किती लांब आहे, कपडे बदलायची खोली कुठे आहे, नाइटला सोबत कोण असतं, हे प्रवेशाआधी बेधडक विचार.

तुझं पीसीबी आहे, तेव्हा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंगच धर. त्याला राज्याची सीईटी असते. नाहीच जमलं तर तीन वर्षांचं जीएनएम कर, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. सहा महिन्यांत नर्स करून देणाऱ्या पाट्यांकडे मात्र फिरकूसुद्धा नकोस. त्यांच्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून ना सरकारी भरती, ना परदेश. जर्मनीचं म्हणशील तर जरूर जा, पण आधी दोन वर्षं इथल्या मेडिसिन वॉर्डात काढ.

सुट्टीत इकडेच ये. जे. जे. हॉस्पिटल इथून जवळ आहे, भेटीच्या वेळेत आपण जाऊन येऊ. तिथला वास, तिथली गर्दी सोसते का बघ. येताना गुणपत्रिका आणि दाखले आण, सीईटीचा फॉर्म इथेच भरू.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या