तात्पुरता निवारा

बेघर झालेल्यास तंबू दिला की कर्तव्य संपले, असे पुष्कळांस वाटते. १९९५ च्या भूकंपानंतर जपानातील कोबे शहरी व्हिएतनामी निर्वासित प्लॅस्टिकच्या तंबूंत दिवस काढीत होते. वास्तुशिल्पज्ञ शिगेरू बान यांनी त्यांच्यासाठी घरे उभारली. भिंती कागदी नळ्यांच्या. पाया वाळूच्या पिशव्या भरलेल्या बिअरच्या क्रेटांचा. २००१ च्या भूकंपानंतर त्यांनी भूजलाही असेच घर बांधले. पण क्रेट कोठून आणावे? गुजरात तर दारूबंदीचा प्रांत! तेव्हा पडक्या घरांचाच राडारोडा पायात घातला, वर मातीची जमीन केली. छपराला चिरलेल्या बांबूच्या कमानी, त्यांवर दोन चटया, मध्ये ताडपत्री. दोन्ही टोकांच्या चटयांतील बारीक छिद्रांतून वारा खेळे. म्हणून आत चूल पेटवता येई, आणि धुराने डासही पळत.