ऐकू कमी येणारे मूल आणि गावाचे साह्य

वर्गातील एखादे मूल हाक मारली असता वळून पाहत नाही; विचारावे एक तर उत्तर भलतेच देते; फळ्यावरील मजकूर मात्र बिनचूक उतरवून घेते. अशा मुलास ‘ढ’ किंवा ‘हट्टी’ ठरवून मागच्या रांगेत बसविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः त्यास ऐकूच कमी येत असण्याचा संभव असतो. मागे बसविल्याने जे थोडे कानी पडत होते तेही बंद होते, आणि कानाचा दोष बुद्धीच्या माथी मारला जातो.

१. ओळख : कान वाहणे, वारंवार ‘काय?’ म्हणणे, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणे, शब्दांचे उच्चार अस्पष्ट असणे, श्रुतलेखनात पुष्कळ चुका व पाहून लिहिण्यात थोड्या, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. सर्दी-पडशामुळे मधल्या कानात द्रव साठला म्हणजे काही दिवस कमी ऐकू येते व पुढे सुधारते. अशा वेळी ‘मनात आले की ऐकतो’ असा समज होतो. तो अन्यायाचा आहे.

शंका आल्यास मुलाच्या पाठीमागे, हात लांब केल्यास पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे. त्याचा एक कान बोटाने बंद करवून कुजबुजत्या स्वरात दोन-तीन अंक उच्चारावेत व ते त्याच्याकडून वदवावेत. नंतर दुसऱ्या कानाची पाहणी करावी. हे रोगनिदान नव्हे. मुलास डॉक्टरांकडे पाठवावे किंवा नाही एवढेच यावरून ठरते. वाहत्या कानात तेल अथवा अन्य काही घालू नये, हे पालकांस आवर्जून सांगावे.

२. वर्गातील व्यवस्था : मुलास पुढच्या रांगेत, बरा कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे. शिक्षकांनी खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. प्रकाश त्यांच्या मुखावर पडला म्हणजे ओठांची हालचाल दिसते. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडण्याने शब्द विकृत होतो. सावकाश व स्पष्ट बोलणे हेच उपकारक. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असता तोंडी पाठ घेण्याऐवजी लेखनाचे काम द्यावे. श्रवणयंत्र मिळाले असल्यास ते गलकाही वाढवून ऐकविते, म्हणून वर्गात शांतता हवी. चेष्टेच्या भीतीने मुले यंत्र घरी ठेवतात. ती चेष्टा थांबविणे हे शिक्षकांचेच काम होय.

३. गावाचे साह्य : २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत तपासणीसाठी येते. त्यापूर्वीच शंकास्पद मुलांची नावे काढून ठेवावीत आणि त्या दिवशी ती हजर राहतील असे पाहावे. पुढील तपासणीसाठी तालुक्यास किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा प्रसंग येतो. मजुरीवर जाणाऱ्या मातेस एक दिवसाचा रोज बुडविणे जड जाते आणि चिठ्ठी तशीच पडून राहते. येथेच गावाची गरज आहे. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून सोबत कोण जाईल व वाहन कोणते, हे ठरवून द्यावे. समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. त्यांचे सांगणे त्या घरी लवकर पटते.

४. दाखल्याविषयी : २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. त्याच अधिनियमात दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ६० डेसिबलपासून पुढे असेल तरच मूल ‘ऐकू कमी येणारे’ या व्याख्येत बसते. त्याहून कमी ऱ्हास असलेले मूल या व्याख्येबाहेर राहते. परंतु शिक्षकांचे अर्धे वाक्य त्याच्याही कानी पोहोचत नाही. यास्तव मदतीचा आरंभ दाखल्याची वाट पाहून करू नये. पुढच्या रांगेतील जागेस दाखला लागत नाही.

ज्या मुलाविषयी ‘ह्याला काही येत नाही’ असे मत झाले असेल, त्याच्या कानांची पाहणी झाली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने वर्षारंभी स्वतःस विचारावा.