कोणाच्या घरी कोण कोण? : बालवर्गासाठी एक धडा

शास्त्रभाग : रूथ १:१–२२, निर्गम २:१–१०, एस्तेर २:७, २ तीमथ्य १:५
पाठांतर : स्तोत्र ६८:५, ६
वयोगट : ५ ते ८ वर्षे



‘कुटुंब’ हा विषय शिकवावयाचा म्हटला की आपण फळ्यावर एक घर काढतो आणि त्यात वडील, आई, एक मुलगा व एक मुलगी उभी करतो. चित्र वाईट नाही. पण सुरतेतील आपल्या मराठी मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. कोणाचे वडील उधन्यास लूमवर रात्रपाळी करतात आणि आई धाकट्या भावंडासह नंदुरबारकडे गावी असते. कोणी शाळेसाठी काका-काकूंकडे राहतो. कोणाला आजी सांभाळते. कोणाची आई एकटीच घर चालविते. कोणाची आई गुजराती बोलते आणि वडील अहिराणी. फळ्यावरचे घर पाहून अशी मुले मनात म्हणतात, “आमचे घर अपुरे आहे.” आणि सहा वर्षांच्या मुलाला घर अपुरे वाटू लागले की तो स्वतःलाही अपुरा समजू लागतो. म्हणून हा धडा.

शास्त्रातील घरे

मोशेला जन्म दिला एका आईने, वाढविले फारोच्या कन्येने, आणि नदीकाठी पहारा केला बहिणीने. एस्तेरला आईवडील नव्हते. तिच्या चुलत्याचा मुलगा मर्दखय याने तिला आपली मुलगी मानून वाढविले. नामी व रूथ यांचे घर म्हणजे दोन विधवा, सासू आणि सून, त्याही दोन वेगळ्या देशांच्या. तीमथ्याचा पिता हेल्लेणी, आई यहूदी; पण त्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौल आठवण करतो ती आजी लोईस व आई युनीके यांची. बेथानीस मार्था, मरीया व लाजर ही भावंडे एकत्र राहत, आणि प्रभू त्यांच्या घरी जात असे. वधस्तंभावरूनही प्रभूने आपल्या आईला योहानाच्या स्वाधीन केले, आणि त्या घटकेपासून एक नवे घर उभे राहिले (योहान १९:२६, २७).

यांतील एकही घर फळ्यावरच्या चित्रासारखे नाही, आणि यांतील एकाही घराला देवाने कमी लेखले नाही.

आपल्या भूमीतील एक घर

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील गमावले. पुढे १८८२ साली पती वारले आणि घरात राहिल्या दोघीच, रमाबाई व लहानगी मनोरमा. या दोघींच्या घराचे दार पुढे इतरांसाठी उघडले. १९०० च्या सुमारास गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा आपल्या या मुलुखातील शेकडो अनाथ मुली पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात पोहोचल्या. भाषा निराळी, गाव निराळे, रक्ताचे नाते नाही. तरी तेथे त्यांना अन्न, शिक्षण व मायेची माणसे मिळाली. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगा.

गोष्ट सांगताना

एका रविवारी एकच गोष्ट घ्या. दुःख झाकू नका. नामीने स्वतःला ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणवून घेतले, हेही सांगा. ज्याचे वडील वारले त्याला “त्यात काय एवढे” असे वाटावे हा आपला हेतू नव्हे. उणीव खरी आहे; पण त्या घरातही देव आहे, एवढे त्याला कळावे. गोष्ट संपल्यावर विचारा : रूथसाठी कोण थांबले? रूथ कोणासाठी थांबली? तुला ताप आला तर रात्री उशाशी कोण बसते?

हस्तकाम

१. *गोधडी.* सुरतेत साड्यांच्या कापडाची कात्रणे मुबलक मिळतात. प्रत्येक मुलाला वीतभर चौकोनी पुठ्ठा द्या. घरातील प्रत्येक माणसासाठी एक तुकडा निवडून त्याने तो खळीने चिकटवावा. गावी असलेल्यांचा तुकडा हवाच. देवाघरी गेलेल्यांचा लावावासा वाटला तर तोही लावू द्या. तुकड्यांभोवती रंगीत खडूने धावदोऱ्यासारख्या तुटक रेघा काढाव्यात. शेवटी सर्व पुठ्ठे दोऱ्याने एकमेकांस बांधून भिंतीवर लावा. आजीची गोधडी एकाच कापडाची नसते, तरी ऊब सर्वांना सारखीच देते, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२. *मोशेचा पेटारा.* जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या विणून लहान पेटारा करा. आपल्याला सांभाळणाऱ्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्यात ठेवा. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावे.

३. *आगगाडी.* काड्यापेटीच्या खोक्यांची गाडी करा. सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगावपर्यंतची स्टेशने कागदावर लिहा. ज्याचे माणूस जेथे असेल, तेथे गाडी थांबवून त्या माणसासाठी एक वाक्य प्रार्थना करा.

शिक्षकांनी जपावयाच्या गोष्टी

“आईवडिलांचे चित्र काढा” असे न सांगता “घरच्या माणसांचे चित्र काढा” असे सांगावे. “तुझे बाबा कुठे असतात?” हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. कोणालाही “बिचारा” म्हणू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उपासनेनंतर अंगणात चर्चेला येऊ नये. मात्र घरात मारहाण होते किंवा कोणाची भीती वाटते असे मुलाने सांगितले, तर ते घराचे वेगळेपण समजून सोडून देऊ नका. पाळकसाहेबांना ताबडतोब कळवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

पालकांच्या सभेच्या दिवशी “आईवडिलांनी यावे” याऐवजी “मुलाला सांभाळणाऱ्यांनी यावे” असे चिठ्ठीवर लिहा. आजी पदर सावरून पहिल्या बाकावर येऊन बसली की तिच्या नातवाची मान ताठ होते. गोधडीचा धडा त्या दिवशी त्याला खरोखर समजतो.